पुढचा बाक

“सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही,” सुतारबाबा रांगेकडे वळून म्हणाले, “पण या लाकडी डोंगरात एक्केचाळीस हजार खिळे आहेत आणि माझी लेक प्रत्येकाला आवाजावरून ओळखते.”

विश्वास खरंच कुणाचा बसला नाही. लाकडी डोंगर म्हणजे त्या पार्कातला जुना रोलर कोस्टर. सात चढ, सात उतार, खालपासून वरपर्यंत नुसतं लाकूड. गाडी सुटली की सगळा सांगाडा जुन्या खाटेसारखा करकरायचा. रुळाच्या कडेच्या शिडीवरून लेक खाली उतरत होती. कमरेला हातोडा, केसांत भुसा. बाबा काल निवृत्त झाले होते. आज सगळा रूळ तिने पहिल्यांदाच एकटीने ठोकून पाहिला होता.

मॅनेजरसाहेब फलाटावर हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, पहिली फेरी भरली तर हे काम तुझं. रिकामी गेली तर उद्यापासून पाण्याच्या घसरगुंड्यांवर रबरी ट्यूबा वाटायच्या.

रांगेत सर्वांत पुढे खांद्यावर ओला टॉवेल टाकलेले एक काका होते. त्यांनी लेकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“रूळ या पोरीने तपासला? चला हो, आपण आपले घसरगुंडीवरच बरे. तिथे पडलो तर निदान पाण्यात पडू.”

लोक हसले. चार जण रांगेतून बाहेर पडले. मग आणखी सहा. लेकीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिने हातोडा पुसला, पुन्हा पुसला.

बाबांनी आवाज चढवला.

“अहो, पाळण्यात होती तेव्हाची गोष्ट. पोर भुकेने रडायची नाही, पाळण्याचा खिळा ढिला झाला की रडायची! दहावीच्या परीक्षेला बसली होती. इथे पाचव्या उतारावरचा नट सुटायला लागला. हिने तिकडे पेन खाली ठेवलं, धावत आली, आणि शेवटच्या आट्यावर असलेला नट पिळून परत गेली. पेपर पूर्ण केला तो केलाच. या भागातले सुतारपक्षी चोच मारण्याआधी हिला विचारतात.”

बाहेर पडलेले दोघं थांबले. विश्वास बसला म्हणून नव्हे, पुढची थाप ऐकायला.

“आणि इथला रिवाज काय आहे माहीत आहे? ज्याने रूळ ठोकला, त्याने पहिल्या गाडीत पुढच्या बाकावर बसायचं. एकट्याने. लोकांना बसवण्याआधी स्वतः. ही आज सकाळी बसून आली. मी एकतीस वर्षं बसलो. हे साहेब रोज ऑफिसच्या खिडकीतून मला हात करायचे. मी एकदाही उलट हात केला नाही. कामात असताना मान वळवायची नाही, हा आपला नियम. खोटं वाटत असेल तर तो पुढचा बाक बघा. खळगा पडलाय माझ्या बैठकीचा!”

काकांनी वाकून बघितलं. खळगा होता. मग त्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणजे सदरा अडकवलेली खुंटी.

“आजोबा, या खळग्यात तुमच्यासारखे तीन मावतील.”

“तरुणपणी भरलेला होतो.”

“मग आता बसा की! सकाळचं आम्ही कुठे पाहिलं? आमच्यादेखत बसा. तुम्ही बसलात तर मीही बसतो, आणि आमची ही सगळी वरातही बसेल.”

“बसा, आजोबा, बसा!” रांग ओरडली.

बाबांनी वर पाहिलं, जिथे पहिला चढ संपून आभाळ सुरू होत होतं. मग लेकीकडे पाहिलं. तिने हलकेच मान हलवली, नको म्हणून. बाबांनी चपला काढल्या, देवळात काढाव्यात तशा जोडीने लावून ठेवल्या, आणि गाडीत पाय टाकला.

मागोमाग काका चढले. मग त्यांच्या सोबतच्या काकू, मग बाकीची वरात. बाहेर पडलेले दहाही परत आले. बाक भरत गेले. साहेबांनी घडी सोडली आणि सवयीने बाबांना हात केला. बाबांनी उलट हात केला नाही. दोन्ही हातांनी त्यांनी पुढचा दांडा आवळला होता.

“तो वर ढकलू नका आजोबा, खाली ओढायचा असतो,” मागून काका म्हणाले.

“माहीत आहे हो! अकरा हजार फेऱ्या झाल्यात माझ्या,” बाबा म्हणाले. त्यांचे डोळे गच्च मिटलेले होते. “मला काय नवीन आहे?”

लेक वाकली. तिने दांडा खाली ओढून अडकवला, दोनदा हलवून पाहिला. बाबांच्या बोटांवर क्षणभर हात ठेवला. मग सरळ उभी राहिली, आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“खोटं, बाबा! एकतीस वर्षं इथे तुमचा सदरा घालून वाळूचं पोतं बसायचं. त्याची बटणं लहानपणी मीच लावून द्यायचे. तुम्ही आज पहिल्यांदा बसताय.”