बाहेरची नळी

मशीन धुवायला लागल्याचा आवाज येत होता, पण मागची नाली कोरडी होती.

कौशल्याबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. विहिरीचं पाणी घरात शिरतं तिथंच ते मशीन बसवलेलं. घरातल्या सगळ्या नळांना त्याचंच गाळलेलं पाणी. मधून मधून ते मिठाच्या पाण्यानं स्वतःला धुऊन घेई आणि ते धुवण बाहेरच्या नळीतून नालीत पडे. बसवून जाताना दस्तगीर मिस्त्रीनं बजावलं होतं, "माय, ह्या नळीचं पाणी झाडालाबी घालू नका."

त्या घरामागं गेल्या. नळीखाली कुणीतरी हंडा लावला होता. निम्मा भरत आला होता. आधी भरलेला दुसरा हंडा नेताना सांडलेले थेंब मातीत दिसत होते. थेंबांची रांग बोळ ओलांडून साखराबाईच्या दारात शिरली होती.

साखराबाई चुलीपुढं बसली होती. मांडीवर सुनेची तान्ही लेक. वाटीतलं दूध चमच्यानं पाजणं चाललं होतं.

"या की कौशल्याबाई. आज गरिबाची आठवण झाली?"

"काय पाजतीस?"

"शेळीचं दूध. मुक्ताचं अंगावरचं आटलं. ती जनावरं घेऊन छावणीवर गेलीय. निम्मं दूध, निम्मं पाणी. दोन उकळ्या देते. पोरीच्या जिवाशी खेळ न्हाई करत."

"पाणी कुठलं?"

साखराबाई हसली. "आता चोरी धरलीच तुमी. तुमच्याच मशीनचं हाय. एवढा दुष्काळ, आन् तुमी पाणी नालीत सोडता. कावून? मी आपला हंडा लावला. पहिलं खारट येतं, ते भांड्यांना. मागचं ठेवते पोरीला. टँकरचं गढूळ परवडलं का? हे बघा कसं काचेवानी. मशीनमधून निघालेलं."

हंड्यावर धुतलेलं पांढरं फडकं बांधलं होतं.

तिनं पुन्हा चमचा भरला. कौशल्याबाईंनी तिचं मनगट धरलं. दूध लुगड्यावर सांडलं.

"कवापासून?"

"मशीन बसलं तवापासून. आता काय त्याचाबी हिशेब मागता?"

कौशल्याबाईंनी पोरीला उचललं आणि दाराच्या उजेडात आणलं. इवलीशी मूठ उघडली. नखं जांभळट होती. त्यांनी अंगठ्यानं चोळली. तरी जांभळटच. ओठांच्या कडाही तशाच.

शिमग्यात त्यांचा नातू असाच काळानिळा पडला होता. अंबाजोगाईच्या डॉक्टरनं सांगितलं, रानातलं खत विहिरीत उतरलंय, तान्ह्या लेकराला हे पाणी जहर आहे आणि उकळूनही ते जात नाही. म्हणून मशीन आलं. पण सुग्रीवनं, त्यांच्या लेकानं, गल्लीत सांगितलं ते एवढंच की पाणी जड आहे, डाळ शिजत नाही. सुग्रीव दूध संस्थेचा चेअरमन. संस्थेचे कॅन याच विहिरीच्या पाण्यानं धुतले जात. दूध घेणाऱ्या शीतकेंद्राला कुणकुण लागली असती, तर सगळ्या गावाचं दूध परत आलं असतं. पावसाविना गेलेल्या या सालात गावात पैसा येत होता तो तेवढाच.

"माय, घरी चल."

सुग्रीव दारात उभा होता. त्याच्या मागं कॅन भरलेला टेम्पो. आवाज ऐकून बोळातून पाण्याला निघालेल्या दोन-चार बायकाही थांबल्या होत्या.

"साखराबाई, ते पाणी ओतून दे," कौशल्याबाई म्हणाल्या.

"आता ओतू कावून? नालीतलंच घेतलंय की. एवढं का डोळ्यावर आलं?"

"माय," सुग्रीव हळूच म्हणाला. "इथं नको."

कौशल्याबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. मग बोळातल्या बायकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

"आमच्या पाण्यातलं जहर मशीन काढतं. काढलेलं सगळं त्या नळीनं बाहेर पडतं. तेच तू भरलंस."

चुलीवरचं दूध उतू गेलं.

साखराबाई हंड्यावरच्या फडक्याकडं बघत राहिली.

"म्हंजी तुमच्या नातवाचं काढलं," ती म्हणाली, "आन् माझ्या नातीला घातलं."

"सुग्रीवा, टेम्पो रिकामा कर. अंबाजोगाईला न्यायचं हिला."

"माय, गावाचं दूध हाय. नासून जाईल. टाकून येतो, तासाभरात..."

"नखं बघ तिची."

सुग्रीव पुढं आला. त्यानं ती मूठ हातात घेतली. अशीच एक मूठ त्यानं शिमग्यात अंबाजोगाईपर्यंत धरून नेली होती. तो मागं फिरला आणि एकेक कॅन उन्हात, रस्त्यावर उतरवू लागला.

साखराबाईनं कौशल्याबाईंच्या हातातून पोरगी ओढून घेतली आणि टेम्पोत पुढं बसली. कौशल्याबाई मागं चढायला गेल्या.

"तुमी नका येऊ," साखराबाई म्हणाली.

टेम्पो गेला. धुरळा कॅनवर बसला.

कौशल्याबाई घरामागं गेल्या. नळीखालचा हंडा एव्हाना काठोकाठ भरून वाहत होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी आडवा केला. पाणी मातीत जिरलं. त्यांनी वळून पाहिलं, तर बोळातल्या बायका मागोमाग आल्या होत्या. सगळ्यांच्या कमरेवर रिकामे हंडे.

नळीतून पाणी पडतच होतं, काचेसारखं. हंडा लावायला कुणी पुढं आलं नाही.