दहा मिनिटं पुढे

वर्तककाकू गेले दोन महिने स्वयंपाकघरातल्या घड्याळाखाली उभ्या राहून घोकत होत्या. सव्वा म्हणजे क्वार्टर पास्ट, साडे म्हणजे हाफ पास्ट, पावणे म्हणजे क्वार्टर टू. सून आयर्लंडची. चहा-जेवणाच्या वेळेपुरतं तरी तिच्याशी आपलं आपण बोलता यावं, दरवेळी मुलाला मध्ये घालायला नको, एवढीच इच्छा.

पहिल्याच सकाळी नोरा उठून आली तशी काकूंनी चहाचा कप पुढे केला आणि एका दमात म्हणून टाकलं, "गुड मॉर्निंग! इट इज क्वार्टर टू सेव्हन!"

नोराने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. "सिक्स थर्टी-फाइव्ह," ती हळूच म्हणाली.

काकूंचा चेहरा पडला. एवढं घोकूनही चुकलंच शेवटी.

"चुकली नाहीस गं आई," दात घासता घासता मुलगा हसला. "आपलं घड्याळच पुढे आहे. माझी शाळेची बस चुकायची, म्हणून तूच नाही का केलंस?"

"केलं. आणि आता मागे करणार नाही. या घराची तीच वेळ!" काकू फणकारल्या. मुलाने ते सगळं नोराला इंग्रजीत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नोरानेच विचारलं, "आई, व्हॉट टाइम इज इट?"

भिंतीवर सव्वासात वाजले होते. काकूंनी शहाण्यासारखी दहा मिनिटं वजा केली. "फाइव्ह पास्ट सेव्हन."

"नो, आई." नोराने हसत आपलं मनगट त्यांच्यापुढे धरलं.

तिथेही सव्वासातच वाजले होते.