व्हॅन चालू होत नाही

मुलाच्या घरी राहून मला दोन वर्षं झाली, पण नातीशी बोलायचं तर आधी तिचं वेळापत्रक बघावं लागतं. शाळा, पोहणं, बुद्धिबळ, चित्रकला. माझी पाळी रविवारी साडेचार ते पाच, तीही पाहुणे आले नाहीत तर.

आज सकाळी कडाक्याचा गारठा होता. सात वाजता शाळेच्या व्हॅनवाल्याचा मेसेज आला, "थंडीनं गाडी चालू होत नाही, आज येणार नाही." घरावर आभाळच कोसळलं. मुलाची महत्त्वाची मीटिंग होती आणि सूनबाईंची त्याहून महत्त्वाची. मी सोडलं असतं शाळेत, पण माझे गुडघे नेमके तेव्हाच आखडले. शेवटी नाइलाजानं पोरीला माझ्यावर सोपवून आणि सतरा सूचना देऊन दोघं गेले.

मग आम्ही दोघं एका शालीत बसलो, खिडकीच्या काचेवर वाफ सोडून बोटानं मांजरं काढत.

"आजोबा, तुम्ही पूर्वी काय करायचात?"

"बस चालवायचो. तुझ्या व्हॅनवाल्याला गाडी मीच शिकवली."

"मग त्याची गाडी चालू करून द्या ना."

"असू दे गं. थंडीत गाडीलाही जरा आराम लागतो."

अकराच्या सुमाराला व्हॅनवाल्याचा फोन आला.



"उस्ताद, तुमच्या शब्दाखातर आज गाडी बंद ठेवली. आता बाकीच्या नऊ घरांतल्या आजी-आजोबांचे फोन येतायत, उद्याही चालू करू नकोस म्हणून."