अस्सल कोसा

"रेशमी कोसा घेशील तं धागा जाळून पाह्यजो वं, सोवळ्यात खोट नाही पाह्यजे," सासूबाईंनी अंथरुणावरून बजावलं होतं. उद्या महालक्ष्म्यांचा स्वयंपाक, आणि माझं सोवळं पार विरलेलं.

सीताबर्डीवर शालिकराम दुकानदारांनी दोन लुगड्यांचे धागे पेटवले. पहिल्याला कागद जळल्याचा वास आला. दुसऱ्याला केस जळल्याची अशी घाण सुटली, की मी पदर नाकाला लावला.

"पह्यला जपानी, नकली रेशीम. लाकडाच्या लगद्याचा, म्हणजे कापसाचाच भाऊ," ते म्हणाले. "हा अस्सल! आपले केस-नखं ज्याचे बनतेत, त्याचाच हा धागा. कोश उकळत्या पाण्यात टाकतेत, आतला किडा मरते, मंग धागा निघते."

ताटात केस दिसला तर पानावरून उठणारी, पाणी गाळून पिणारी मी. इतकी वर्षं हेच नेसून देवाला शिवत होते. मी एका लुगड्याकडे बोट दाखवलं, त्यांनी ते बांधून दिलं.

घरी येताच सासूबाईंनी विचारलं, "वास आला?"

"आला, आत्याबाई. अजून मळमळून राहिलं."

"मंग अस्सलच आहे," म्हणत त्यांनी समाधानानं डोळे मिटले.


चातुर्मासात कुणाचा जीव घेणार नाही, असा मी देवाला शब्द दिला होता. दुसऱ्या दिवशी मी विकत आणलेलं ते लाकडाचं लुगडं नेसले आणि पुरणाची डाळ चढवली.