टाचा

"पकडलेल्या चाच्यांना या आकड्यांना उलटं टांगायचे," गाइड म्हणाला, आणि बारा पर्यटकांच्या माना एकदम वर गेल्या.

छताच्या तुळईला लोखंडी आकडे होते, तेवढं खरं. बाकी सगळी थाप, आणि तीही त्याचीच. तीस वर्षांपूर्वी एका पाहुण्याने विचारलं होतं, हे कशाला? याने गंमत म्हणून ठोकून दिलं. पाहुणा शहारला आणि खूश झाला. पुढच्या मोसमात थाप माहितीपत्रकात छापून आली, मग फलकावर चढली, मग गावाच्या तोंडी बसली. बंद पडलेला बर्फाचा कारखाना 'चाच्यांचा तुरुंग' झाला. गावाने तरी दुसरं काय केलं? कपडे धुवायच्या हौदाला राजकन्येचं स्नानगृह म्हटलं, मिठाच्या गोदामाला किल्ला म्हटलं. मासळी आटली, पाहुणे वाढले. आणि पाहुण्यांना घामाचा इतिहास नको असतो, रक्ताचा हवा असतो.

आज मात्र त्याची परीक्षा होती. पर्यटन कार्यालयाच्या मॅडम पुस्तिका उघडून मागे उभ्या होत्या. पुस्तिकेतला शब्द न शब्द बोलला तर बिल्ला आणखी तीन वर्षं. चुकला तर त्याच्या जागी पाहुण्यांच्या कानात घालायचं बोलतं यंत्र. शिवाय दाराशी एक गवंडी घमेल्यात माल कालवत बसला होता. तो कशाला आलाय, ते कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि या भिंतीवर कैदी दिवस मोजायचे."

भिंतीवर आडव्या रेघा कोरलेल्या होत्या. दोन रांगा, मांडीपासून डोक्यापर्यंत.

एक आजीबाई वाकून बघत म्हणाल्या, "अगं बाई, एवढ्या खाली? लोळत मोजायचे की काय?"

हशा पिकला. मॅडमही हसल्या. "तेच दुरुस्त करतोय आम्ही. छातीखालच्या सगळ्या रेघा आज बुजवायच्या. कैदी काही एवढे बुटके नसणार."

गवंडी थापी घेऊन उठला.

गाइडला लहानपणी घरात सगळे बुटक्याच म्हणायचे. वर्षातून एकदा कारखान्याची टाकी रिकामी करून धुवायचे, त्या दिवशी कामगारांच्या पोरांना आत सोडायचे. ओल्या भुशाचा वास, खाऱ्या पाण्याची ओल, अनवाणी पाय सुन्न. एरवी बाबांचे हात बर्फाचे डबे आकड्याला लावण्यात गुंतलेले. त्या दिवशी ते हात मोकळे असायचे. बर्फ फोडायच्या टोच्याने ते याच भिंतीवर आधी ताईच्या उंचीची रेघ मारायचे, मग याची. "हलू नकोस रे बुटक्या. रेघ चुकली तर वर्षभर चुकीच्या उंचीचा राहशील." बाबांच्या हातचं दुसरं काही उरलं नव्हतं. फोटोसुद्धा नाही.

"थांब," तो गवंड्याला म्हणाला. मग पर्यटकांकडे वळला. "तुरुंग नव्हता हा. बर्फाचा कारखाना होता. इथला बर्फ धक्क्यावर जायचा, होड्यांतल्या मासळीवर. आकडे बर्फाच्या डब्यांचे. रेघा आमच्या उंचीच्या. कुणी कुणाला टांगलं नाही इथे."

"काका," मॅडमनी पुस्तिका पुढे केली, "सातव्या पानावर आधार छापलाय. 'स्थानिक मार्गदर्शकाच्या माहितीवरून.'"

"तो मार्गदर्शक मीच की!"

"मग झालं तर. तुम्हीच सांगितलंय."

"खोटं सांगितलं होतं."

"तेव्हा की आत्ता?"



"आम्ही तुरुंगाचं तिकीट काढलंय बुवा," एक जाडजूड पाहुणा कुरकुरला.

गाइडने दाराबाहेरच्या तिकीटखिडकीकडे तोंड करून हाक मारली, "ताई! ये गं जरा. सांग यांना."

त्याची थोरली बहीण बारा वर्षं त्या खिडकीत बसून तुरुंगाची तिकिटं फाडत होती. गुडघे दाबत ती आत आली. भिंतीकडे बघितलं, थापीकडे बघितलं, मग भावाकडे.

"काय सांगू? खोटारडा आहे हा. लहानपणापासूनचा."

मॅडमचा चेहरा खुलला.

"ही सगळ्यात वरची रेघ बघा." ताईने बोट ठेवलं. "कारखाना बंद झाला त्या वर्षीची. माझ्यापेक्षा उंच दिसायचं म्हणून टाचा उचलल्या होत्या याने. मी ओरडले, तर बाबा मलाच रागावले. पंचेचाळीस वर्षं झाली, अजून कबूल करत नाही मेला."

"नव्हत्या उचलल्या."

"मग राहा उभा. सगळ्यांसमोर."

त्याने छातीवरचा बिल्ला काढून मॅडमच्या उघड्या पुस्तिकेवर ठेवला. चपला काढल्या. भिंतीला पाठ लावली. भिंत अजून गार होती.

"टाचा टेकव."

"टेकल्यात."

"नीट टेकव."

त्याने टेकवल्या. ताईने त्याच्या डोक्यावर तळहात आडवा धरला. जुनी रेघ त्या हाताच्या चांगली चार बोटं वर होती.

कुणी हसलं नाही. गवंडी पुढे आला. थापीवरचा माल त्याने घमेल्यात झटकून टाकला, थापी पँटला पुसली आणि तिचं टोक ताईच्या हाताखाली भिंतीला लावलं.

"हलू नका काका," तो म्हणाला. "रेघ चुकेल."