सुरक्षित अंतर

ज्योत्स्ना डबा घेऊन आली आणि फायर स्टेशनातल्या टेबलावरचं हसणं थांबलं. तिघं उठून बाहेर गेले. प्रेमराज तेवढा मान खाली घालून बसून राहिला.

एका ड्रायव्हरच्या घाणेरड्या बोलण्याची तिने मागच्या आठवड्यात तक्रार केली होती. त्याची बदली झाली. मागोमाग साहेबांनी सगळ्यांना तंबी दिली: महिला कर्मचाऱ्याशी कामापुरतं बोला, अंतर ठेवा.

"प्रेमराजभाऊ, ठेचा आणलाय."

"राहू द्या, मॅडम."

आतापर्यंत हाच माणूस न विचारता तिच्या डब्यात हात घालायचा. तिला ज्योती म्हणायचा. धुरात कसं वाकायचं, कसं रांगायचं, ते त्यानेच शिकवलं होतं.

"मी तुमची तक्रार केली होती का?"

"नाही ना. पण ऑर्डर बठ्ठासले शे, सगळ्यांनाच."

तेवढ्यात घंटा वाजली. पारोळा रोडवर चटईच्या गोदामाला आग लागली होती.

पाइप घेऊन ती पुढे शिरली, मागे प्रेमराज. जळत्या प्लास्टिकच्या काळ्या धुरात स्वतःचा हातही दिसत नव्हता. अशा वेळी मागच्याने पुढच्याच्या खांद्यावरचा हात काढायचा नाही, ही स्टेशनातली जुनी रीत. तिच्या खांद्यावर हात नव्हता.

चटयांचा गठ्ठा घसरून अंगावर आला. ती पडली. पाइप सुटला. दार कुठल्या बाजूला, काही कळेना.

जवळूनच मास्कमधला घोगरा आवाज आला. "मॅडम, हात लावू का?"

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"लावू का?"

"अहो धरा ना, भाऊ."

त्याने पट्ट्याला धरून तिला ओढत बाहेर आणलं.

मास्क काढून ती नुसती धापा टाकत राहिली. मग म्हणाली, "आत जीव चालला होता माझा. आणि तुम्ही विचारत बसलात?"

प्रेमराजनेही मास्क उतरवला. "मग कुठं विचारायचं आन् कुठं नाही, तूच सांग ना, ज्योती. मला खरंच समजत नाही."

तक्रार केली त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. याचंही काय चुकलं, ते तिला सांगता येईना.

साहेबांनी हाक मारली. मास्क चढवून, दुसरा पाइप उचलून दोघं पुन्हा आत निघाले. दाराशी तिच्या खांद्यावर हात टेकला. हलकाच, कधीही काढून घेता येईल असा.