उजवा अंगठा

"काका, अंगठा पुन्हा ठेवा. जरा दाबून."

गवंड्याने उजवा अंगठा काचेवर दाबला. नऊ बोटांना यंत्राने मुकाट्याने हिरवा दिवा दाखवला होता. दहाव्याला मात्र ते ढिम्म हलत नव्हतं.

मागच्या वेळी तर एकही बोट उमटलं नव्हतं. चाळीस वर्षं सिमेंटने रेषा खाल्ल्या, त्याला यंत्र तरी काय करणार! "पंधरा दिवस सिमेंटला शिवू नका. रोज व्हॅसलीन चोपडा, हातमोजे घालून झोपा," व्हिसाच्या खिडकीतल्या याच बाईंनी सांगितलं होतं. त्याने ते मनावर घेतलं. परदेशातल्या लेकीला मुलगी झाली होती. पाच महिन्यांची ती फोनमध्ये हसायची आणि इकडे त्याचा जीव तीळतीळ तुटायचा. बायको रोज त्याच्या बोटाबोटाला व्हॅसलीन चोळायची, सदऱ्याची बटणंसुद्धा तीच लावायची. "नवरदेव झालाय नुसता," म्हणायची.

"काल काही काम केलंत का?" बाईंनी विचारलं.

"नाही हो."

"अहो, खरं सांगा. बाहीला सिमेंट पाहिलंय मी," शेजारी उभी असलेली बायको म्हणाली.

त्याने मान खाली घातली. "समोर कुंपणाची भिंत बांधतायत. विटांचे सांधे इतके गचाळ भरले होते, बघवेना. अंगठ्यानेच सारखे केले."

"किती?"

"सगळेच."

बाईंना हसू आलं, पण यंत्राला कुठलं यायला! पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची मिळाली.

"तोवर नात बसायला लागेल," तो स्वतःशीच म्हणाला.

बाहेरच्या बाकावर दोघं टेकली. त्याला स्वतःचाच राग येत होता. लेक तान्ही होती तेव्हा त्याने उचललं की किंचाळायची. त्याचे हात टोचायचे तिला. मग तो लांबूनच बघायचा. नातीला तरी पोटभर घ्यायचं होतं.

बायकोने त्याचा हात मांडीवर ओढला, उलटसुलट करून पाहिला.

"हात मात्र लोण्यासारखा झालाय हो."

"काय उपयोग?"

आजूबाजूला माणसं होती. तरी तिने तो तळवा उचलून आपल्या गालावर ठेवला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.